शिल्लक ठेवलेलं नक्षत्र

मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर पुन्हा अवरेकाय आली आहे. सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागली की आनेकल गावाच्या बाजूने पोती येतात आणि फुटपाथवर हिरवे ढीग पडतात. पावट्याच्या कुळातलीच ही शेंग, पण वासाने वेगळी. सालीवर तेलकट, उग्र दरवळ असतो. इथे त्याला सोगडु म्हणतात. दव पडलं की तो वाढतो, बोटांना चिकटतो आणि साबणाने हात धुतले तरी दुपारपर्यंत जात नाही. विकणारी बाई शेंग चुरडून नाकापुढे धरते. "सोगडु नोडी, अण्णा." वास बघा, आणि मग भाव विचारा.

बातमीतली मुख्य गोष्ट सगळ्यात आधी सांगावी, असं आम्हाला वर्तमानपत्राच्या डेस्कवर शिकवलं होतं. इथे ती एक परिच्छेद उशिरा येते आहे. अक्का अजून आहे. औषधांवर आहे. हे औषध किती दिवस चालेल ते डॉक्टर सांगू शकत नाहीत आणि आम्हीही आता विचारत नाही. शेंगा घेऊन मी तिच्याकडेच निघालो होतो. पिशवीतून येणाऱ्या वासाने दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा रस्ताभर सोबत चालत राहिला.

अक्का माझी थोरली बहीण. नाव पद्मावती, पण ते रेशनकार्डावर आणि हॉस्पिटलच्या फाइलवर. बाकी सगळ्यांची ती अक्का, शेजारच्या आजीबाईंचीसुद्धा. आमचे पूर्वज मराठी फौजांबरोबर इकडे आले आणि परत गेले नाहीत. घरात मराठी टिकली, तिच्यात कन्नड मुरली. अवरे सोलायच्या कामालाही आमच्याकडे असाच शब्द आहे, हितकणं. शेंगांतून दाणे काढायचे, रात्रभर पाण्यात ठेवायचे आणि सकाळी एकेक दाणा अंगठा आणि बोटात धरून दाबायचा. आतला गर सुळकन बाहेर येतो, साल बोटांत उरते. कन्नड धातूला आम्ही मराठी शेपूट लावलं आणि ते पिढ्यानपिढ्या चाललं. हे काम एकट्याने होत नाही. सतरंजी अंथरून, मधे परात ठेवून घरातल्या सगळ्यांनी बसायचं, असा रिवाज आहे.

त्या वर्षी हंगामाच्या सुरुवातीलाच अक्काची पाठ दुखायला लागली. सगळ्यांच्या मते कारण उघड होतं. तासन्‌तास खाली बसून, वाकून हितकत राहिलं तर पाठ दुखणारच. भावोजींनी बाम आणला. अम्माने, म्हणजे आमच्या आईने, गरम पाण्याची पिशवी दिली. मी खुर्चीवर बसून काम कर असं सांगितलं. अक्का खुर्चीवर बसली, परात स्टुलावर घेतली आणि हितकत राहिली. दुखणं तसंच राहिलं. पंधरवडाभर आम्ही एका शेंगेला दोष देत होतो.

तिची मुलगी रश्मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोरमंगलात काम करते आणि तिथेच राहते. शनिवारी घरी आली. आई पलंगावरून उठताना कशी आधी कुशीवर वळते, मग कोपरावर जोर देते, ते तिने दारातून पाहिलं आणि विचारलं, "हे कधीपासून?"

"अगं, अवऱ्यांमुळे," भावोजी म्हणाले.

"बाबा, सात वर्षांपूर्वी जे झालं होतं ते तुम्हाला आठवतंय ना?"

 सात वर्षांपूर्वी जे झालं होतं त्याला आमच्या घरी नाव नव्हतं. उजव्या बाजूचा स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या, केस गेले, परत आले, आणि या सगळ्याला "ते" म्हणत. "तेव्हा", "त्या वेळी", "ते झालं त्या वर्षी". पाच वर्षं पूर्ण झाली तेव्हा डॉक्टर म्हणाल्या होत्या, आता वर्षातून एकदा आलात तरी चालेल. भावोजी हॉस्पिटलमधून परस्पर मिठाईच्या दुकानात गेले आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी म्हैसूरपाक पोहोचला. डॉक्टरांनी बरी झाली असं म्हटलं नव्हतं. ते वाक्य आम्ही आमच्या सोयीने पूर्ण केलं.

स्कॅन झालं. मणक्यात डाग होते आणि एक कमरेच्या हाडात. तेच पुन्हा आलं होतं, जागा बदलून.

डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर जिन्यापाशी रश्मीने मला बाजूला घेतलं. "मामा, नीट ऐक. हे क्युरेबल नाही, ट्रीटेबल आहे. गोळ्या चालल्या तर बरीच वर्षं जातात. नाही चालल्या तर दुसरं औषध, मग तिसरं. बाबांना मी सांगू शकत नाही. तू सांग."

मी सांगितलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाईट बातम्या नीट वाक्यांत बसवण्याचं काम केलं होतं. भावोजींना सांगताना कर्ता एकीकडे आणि क्रियापद दुसरीकडे गेलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "सरी, ठीक. म्हणजे गोळ्यांनी बरं होईल." मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा "सरी" म्हणाले.

डेस्कवर अशा आजारांच्या बातम्या यायच्या तेव्हा ठराविक शब्द यायचे. झुंज, मात, कडवी लढत, योद्धा. मी ते खोडत असे. त्यात दयामाया नव्हती, फक्त अचूकपणाचा हट्ट होता. त्या हिवाळ्यात त्या हट्टाचा अर्थ कळला. अक्का कोणाशी लढली नाही. लढायला समोर कोणी तरी लागतं. ती सकाळी गोळी घेई, मळमळ थांबायची वाट पाही, देवापुढे दिवा लावी आणि पुन्हा आडवी होई. गोळ्या काम करताहेत की नाही हे तीन महिन्यांनी स्कॅनमध्ये कळणार होतं. तोवर कोणी काही करायचं नव्हतं. आमच्यासारख्या कामसू घराला हे जमत नव्हतं.

त्यामुळे जो तो काहीतरी शोधून काढी. भावोजी, ज्यांनी जन्मात चहासुद्धा केला नव्हता, नाचणीची गंजी, म्हणजे पेज, शिकले. तिच्यात गाठी होत. अक्का चमच्याने त्या कडेला लावी आणि म्हणे, "छान झालीये." रश्मीने घरून काम मागून घेतलं आणि रात्रंदिवस वाचत बसली. नातेवाईक फोनवरून कोणाची तरी मावशी, कोणाची तरी नणंद सांगत. तिला म्हणे शेवटच्या स्टेजला होता, आज नातवंडं सांभाळते. या मावश्या आणि नणंदा खऱ्या असतीलही. मी कोणाचं नाव, गाव विचारलं नाही. एरवी विचारलं असतं.

दर महिन्याला हाडांसाठी इंजेक्शन असे. काखेतल्या गाठी काढल्यामुळे उजव्या हाताला सुई टोचायची नाही, रक्तदाबाचा पट्टाही बांधायचा नाही. दर वेळी नर्स नवी असे आणि दर वेळी उजवाच हात पुढे ओढी.

"ई कै बेडम्मा," अक्का म्हणे. हा हात नको.

"याक आंटी?" का, म्हणून नर्स विचारी.

"तो रिटायर झालाय."

नर्स हसे. मग डाव्या हाताची शीर सापडेपर्यंत अक्का भिंतीवरच्या पंख्याकडे बघत राही. तो पंखा बहुतेक बंदच असायचा.

अवऱ्यांचा हंगाम भरात आला. बाहेर गाड्यांवर अवऱ्याचा डोसा, अवऱ्याचं उप्पीट, शेवेत अवरे, जिलबीत अवरे. आमच्या घरीही अवऱ्याचं सारू, म्हणजे आमटी, झालं, कारण हंगामात सारू होतंच. अक्काने भातावर घेतलं, पहिला घास खाल्ला आणि थांबली.

"कसंय?" अम्माने विचारलं.

"लोखंड चाटल्यासारखं."

"मीठ कमी आहे का?"

"अम्मा, सारू चांगलंच असणार. माझी जीभ बिघडलीये." आणि तिने वाढलेलं सगळं संपवलं. अम्मा तिच्याकडे बघत राहिली. मग आपलं ताट सरकवून उठली आणि मागच्या अंगणात जाऊन उगाचच कोरड्या लुगड्यांच्या घड्या घालत बसली.

संक्रांतीच्या सुमाराची एक दुपार आहे. भावोजी औषधाच्या दुकानात गेले होते, रश्मी आतल्या खोलीत मीटिंगमध्ये होती. सतरंजीवर अम्मा, खुर्चीवर अक्का आणि पलीकडे मी, असे तिघे हितकत होतो. अक्का डाव्या हाताने करी. तिच्या हातून गर सरळ परातीत पडे. माझ्या हातून तो भिंतीवर जाई.

"बाबा रे, तो अवरा आहे, गोटी नव्हे," अक्का म्हणाली. "एवढी वर्षं पेपरात काय दाबत होतास?"

"बातम्या," मी म्हणालो.

ती हसली. हसताना पाठीला हात लावला. अम्मा हसली नाही. तिच्या हातातला दाणा तसाच होता.

"मला एक सांगायचंय," अम्मा म्हणाली. "तुझं नक्षत्र पुष्य नाही."

आम्ही दोघांनी वर बघितलं.

"आश्लेषा आहे. तुझ्या लग्नाच्या वेळी सांगितलं नाही."

हे परगावच्या वाचकांसाठी थोडं उलगडायला हवं. आमच्या भागात आश्लेषेवर जन्मलेली मुलगी सासूच्या जिवावर उठते असं मानतात. आईबाप अशा मुलीचं नक्षत्र मोठ्याने उच्चारत नाहीत. अक्काचा जन्म पुष्य संपून आश्लेषा लागल्यावर थोड्याच वेळात झाला होता. जोशीबुवांनी जन्मवेळ, अम्माच्या शब्दांत, "स्वल्प मागे घेतली". तेवढ्याने पत्रिका स्वच्छ झाली आणि लग्न जमलं. सासूबाई नव्वदी ओलांडून, आपले दात शाबूत ठेवून, झोपेत गेल्या.

पण अम्माच्या मनात सासूबाई नव्हत्या. देवळात अर्चना सांगताना गोत्र, नक्षत्र आणि नाव सांगावं लागतं. ज्याच्यासाठी मागायचं तो माणूस देवाला त्यावरून ओळखू येतो, अशी श्रद्धा आहे. सात वर्षांपूर्वी अक्कासाठी दर सोमवारी अर्चना झाली होती. शेजारी सासूबाई उभ्या असत, म्हणून अम्मा दर वेळी पुष्यच सांगत आली.

"माझी एकही अर्चना तुला पोचली नाही," अम्मा म्हणाली. "दुसऱ्याच कोणाला तरी गेली. पुष्यावरच्या कोणा पद्मावतीला. ती बरी झाली असेल."

 पेशींना नक्षत्र कळत नाही, असं एक सरळ, खरं वाक्य माझ्याकडे होतं. ऐंशी ओलांडलेल्या बाईसमोर, सालींच्या ढिगाकडे बघत, ते मला बोलता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला पुष्यावरच्या त्या अनोळखी पद्मावतीचा हेवा वाटला.

अक्काने आणखी एक दाणा परातीत सोडला. मग म्हणाली, "म्हणजे सासूला लागायची ती मला लागली होय? नेम चुकला म्हणायचा."

"थट्टा करू नको गे."

"मग काय करू, अम्मा?"

"सोमवारी जाऊ. या वेळी खरं नक्षत्र सांगू. मी स्वतः सांगते."

"नको."

अम्माला वाटलं, ती भावोजींच्या संकोचाने नको म्हणते आहे. इतक्या वर्षांनी नवऱ्याला कळणार की तिचे आईवडील खोटं बोलले होते. अम्मा म्हणाली, "जावयांचे मी पाय धरीन."

"त्यांचं काही नाही." अक्काने हातातली साल टाकली. तिचा आवाज नेहमीचाच होता, भाजीला काय आणायचं हे सांगतानाचा. "आज आश्लेषा सांगितली आणि तरी स्कॅन वाईट आलं, तर मग आपल्याकडे काय राहिलं? आत्ता निदान असं म्हणता येतं की अजून खरं सांगितलेलंच नाही. ते राहू दे. एवढं एक शिल्लक राहू दे."

अम्माने पुन्हा हितकायला घेतलं. मीही घेतलं. बाहेर भावोजींच्या स्कूटरचा आवाज आला तेव्हा आम्ही तिघांनी एकदमच दाराकडे पाहिलं, चोरी करताना कोणी यावं तसं.

त्यानंतरचे दिवस मला नीट क्रमाने आठवत नाहीत. अक्काची श्रद्धा कशी होती, असं मला कोणी विचारलं तर ती दुपार सांगावी लागेल. ती रोज दिवा लावी, पण हात जोडल्यावर तिचे ओठ हलत नसत. मी एकदा विचारलं, काय मागतेस. "मागत नाही," ती म्हणाली. "हजेरी लावते." भावोजी मात्र उघडपणे, मोठ्याने मागत. त्यांचा हिशेब सोपा होता. एकदा दिलंस, पुन्हा दे. त्या माणसाच्या आवाजात संशयाचा लवलेश नव्हता, आणि ते ऐकताना मला खोलीत उभं राहवत नसे.

फेब्रुवारीत शेंगा निबर व्हायला लागल्या. सोगडु गेला, दाणे कडक झाले, आठव्या क्रॉसवरचे ढीग खाली खाली गेले. रस्त्यांवरची गुलाबी झाडं पानं टाकून एकाएकी फुलली. हॉस्पिटलच्या वाटेवर एक मोठं झाड होतं. त्याखाली पोरं-पोरी फोटो काढत उभी असत आणि आमची रिक्षा तिथे अडकत असे. अक्का बघत राही. "किती उतावीळ झाड आहे," ती एकदा म्हणाली. "पानांची वाटसुद्धा बघत नाही."

स्कॅनच्या आदल्या दिवशी तिने केसांना तेल लावून घेतलं. रश्मीने लावलं.  लावता लावता ती म्हणाली, "आई, उद्या जे काही येईल ना, ते फक्त डेटा आहे. त्यावरून पुढचं ठरवायचं."

"डेटाला घाबरायचं नसतं का?"

"नसतं."

"मग एकाच जागी तेल का चोळतेयस?"

रिपोर्ट घ्यायला आम्ही पाचही जण गेलो. एवढे आत येऊ नका, म्हणून नर्सने अडवलं, तेव्हा अम्मा, अक्का आणि भावोजी आत गेले, आणि काही मिनिटांनी डॉक्टरांनीच आम्हा दोघांनाही बोलावून घेतलं. बोलावणं आलं तेव्हाच कळलं. मणक्यातले डाग होते तसेच होते. यकृतावर दोन नवे होते. गोळ्या चालल्या नव्हत्या. त्या बंद करून सलाइनमधून औषध सुरू करायचं होतं, येत्या आठवड्यापासून. केस पुन्हा जातील, डॉक्टर म्हणाल्या. त्या चांगल्या बाई आहेत. त्यांनी अक्काचा हात हातात घेतला, डावा. "अजून औषधं आहेत, अम्मा," त्या तिला कन्नडमध्ये म्हणाल्या. किती आहेत ते त्यांनी सांगितलं नाही आणि रश्मीनेही, जिला ठाऊक होतं, सांगितलं नाही.

भावोजींनी विचारलं, "पण मग या तीन महिन्यांत आम्ही जे केलं ते?" त्यांना गंजी म्हणायची होती, दिवा म्हणायचा होता, काय म्हणायचं होतं कोण जाणे. डॉक्टर म्हणाल्या, "तुमचं काही चुकलं नाही." ते ऐकून भावोजींचा चेहरा पडला. काही चुकलं असतं तर ते दुरुस्त करता आलं असतं.

परत येताना अक्काने दोन्ही रिक्षा देवळाशी थांबवायला सांगितल्या. दुपारची बंद व्हायची वेळ झाली होती. अर्चक गाभाऱ्यातून बाहेर येऊन ताटं गोळा करत होते. आम्हाला बघून थांबले. ते आम्हाला वर्षानुवर्षं ओळखतात, तरी विचारण्याचा रिवाज आहे. "गोत्र? नक्षत्र?"

भावोजींनी सवयीने सुरुवात केली. "भारद्वाज गोत्र, पुष्य नक्षत्र, पद्मावती..."

"आश्लेषा," अक्का म्हणाली.

भावोजी थांबले. त्यांना वाटलं, तिची चूक झाली. औषधांमुळे हल्ली ती शब्द विसरायची. हळूच म्हणाले, "पुष्य गं."

"नाही. आश्लेषा. लग्नात खोटं सांगितलं होतं."

अम्मा खांबाला धरून उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. रश्मीला काहीच कळत नव्हतं, ती माझ्याकडे बघत होती. अर्चकांनी एकदा अक्काकडे, एकदा भावोजींकडे पाहिलं. ताटातला कापूर अजून पेटवलेला नव्हता. "यावदु हेळली?" त्यांनी विचारलं. कोणतं म्हणू?

भावोजी बायकोकडे बघत राहिले. रागावतील, विचारतील, निदान अम्माकडे तरी वळतील, असं मला वाटलं. ते अर्चकांकडे वळले.

"आश्लेषा," ते म्हणाले. "जोरात म्हणा, स्वामी."

अर्चक आत गेले. गाभाऱ्यातून तिचं नक्षत्र आणि तिचं पूर्ण नाव मोठ्याने ऐकू आलं. अक्काने हात जोडले होते. या वेळी तिचे ओठ हलत होते.